अण्णांचं मत

मीटिंगमध्ये होतो. मुक्ताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. "अण्णा गेले रे. खिडकीशी उभे होते, तिथेच कोसळले." उभे! माझे सासरे दुसरं काय करणार... निवांत बसणं त्यांना जन्मात जमलं नाही.

तरुणपणी ते घोडदळात अधिकारी होते. नावाला घोडदळ, बसायला रणगाडा. "आमचे घोडे डिझेल प्यायचे, जावईबापू." सरहद्दीवर वर्षं काढली, मग गोवा केंद्रशासित असताना आमदार झाले. सासूबाई गेल्यावर मुक्ता त्यांना इथे जर्मनीत, आखनला घेऊन आली. आमच्या घरापासून बसने थोडं गेलं की हॉलंड. हौसेने दाखवायला नेलं, तर चिडलेच. "सरहद्द आहे आणि एक शिपाई नाही? मग हे लोक राखतात काय?" तेव्हापासून रोज बस पकडून तिथे जायचे आणि या देशातून त्या देशात उगीच येरझाऱ्या घालायचे. मला त्यांचा वैताग यायचा आणि तितकीच मायाही वाटायची.

घरातला कुठलाही प्रश्न, अगदी पिझ्झा की खिचडी हासुद्धा, ते हात वर करायला लावून मताला टाकत. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी स्वतःचाच प्रस्ताव मांडला. "मला गोव्यात, डिचोलीला परत जायचंय. मरण यायचं तर तिथे येऊ दे." मुक्ताचा हात वर गेला नाही. त्यांचं हृदय नाजूक, तिकडे बघणारं कोणी नाही. मीही हात खालीच ठेवला. आमच्या लेकीला, ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच. ती "नाइन!" म्हणजे नाही, असं ओरडली, मग "आजोबा इथेच" एवढं कसंबसं मराठीत, आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये.

"तीन विरुद्ध एक. प्रस्ताव नामंजूर," अण्णा म्हणाले. पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त चालणं वाढलं... खिडकी ते दार, दार ते खिडकी.

आता प्रश्न त्यांच्या अस्थींचा होता. कलश इथल्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, पुरायचा की गोव्याला न्यायचा? मुक्ताला वडील जवळ हवे होते, वाटेल तेव्हा जाऊन शेजारी बसता येईल इतके जवळ. घरात तीन आठवडे धुसफूस चालली होती. शेवटी रविवारी जेवताना मीच विचारलं, "गोव्याला न्यायचं म्हणणारे?"

मी हात वर केला. ईराने दोन्ही केले. "आइने इस्ट फॉन आजोबा." त्यातला एक आजोबांचा.

मुक्ताने हातातला घास ताटात ठेवला.

"गैरहजर सदस्याचं मत धरत नाहीत, ईरा," ती म्हणाली, आणि तिने स्वतःचा हात वर केला.