आखाजीचा गिलास

गीताबाई आमच्या शेजारच्या. धामणगाव बढ्यात त्यांच्या वांग्यांचं नाव आहे, आणि रागाचंही. त्यांचा राग कधी शिळा होत नाही.

पाचेक वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नणंद जनकाबाई देऊळगावराजाहून माहेरी आल्या होत्या. पंगतीत गीताबाईंची चार वर्षांची समीक्षा रडायला लागली. मोठ्या बहिणीला आमरस गिलासात आणि तिला पसरट वाटीत, म्हणजे तिला कमी! जनकाबाईंनी तिच्याच वाटीतला रस उंच गिलासात ओतला.

"आता?"

"आता जास्त झाला," पोरगी हसली.

त्यांनी तो परत वाटीत ओतला.

"कमी झाला!" पुन्हा भोकाड.

पंगत खदाखदा हसली. जनकाबाई म्हणाल्या, "वहिनी, भुसा भरला हाय हिच्या डोक्यात. शाळेत नोका धाडू, म्हशीमांगं धाडा."

तेव्हापासून पोरीचं नाव 'रसवाली' पडलं. ते शाळेतही तिच्या मागे गेलं.

गीताबाई अंगणवाडीच्या ताईंकडे गेल्या. ताईंनी समजावलं, या वयात सगळीच लेकरं असा विचार करतात, उंच दिसलं की जास्त. सहा-सात वर्षांची झाली की आपोआप कळतं. दुसरी बाई निर्धास्त होऊन घरी आली असती. गीताबाईंनी त्यातला 'सगळीच' तेवढा उचलला. जनकाबाईंची सून तेव्हा गरोदर होती.

"सोडून द्या ना आता," मी कितीदा म्हटलं.

"माह्या लेकरावर हसली ते. तिच्या घरचं हसू मले पाहाचं हाय."

यंदा जनकाबाई नातवाला घेऊन आल्या. कुलदीप, चार वर्षांचा, लाडोबा. गीताबाईंनी तोच गिलास आणि तीच वाटी माळ्यावरून काढली, राखेनं लखलखीत घासली. पंगत बसली. भरल्या पंगतीत त्यांनी वाटीतला रस गिलासात ओतला. इतकं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सांग राजा, वाटीत होता तवा जास्त होता का आता जास्त हाय?"

कुलदीपनं गिलासाकडे पाहिलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "सारखाच हाय."

जनकाबाई फुलल्या. गीताबाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात लाडोबा पुढे बोलले, "समीक्षाताईनं सांगतलं. गीताआजी इचारन तं सारखाच म्हन, नाई तं सारे हसतीन. कोनाले सांगू नोको म्हने."

जनकाबाईंना सगळं उमगलं. गीताबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी समीक्षाचा दंड धरला. "काऊन सांगतलं त्याले? तुह्यासाठीच करून राह्यली होती ना मी!"

"तू तो गिलास घासून राह्यली होती तवाच मले समजलं, माय. मले तं तवाचं काई आठवत बी नाई. नाव तेवढं चिकटलं. त्याले कायले चिकटवतं?"

गीताबाईंनी दंड सोडला. बाहेरून कुलदीप ओरडला, "मले गिलासातलाच पाहिजे! त्याच्यात जास्त हाय!"

कोणी हसायच्या आत गीताबाई बाहेर आल्या. त्यांनी गिलास काठोकाठ भरला, लेकरापुढे ठेवला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग रसाचं पातेलं घेऊन साऱ्या पंगतीला वाढत गेल्या. जनकाबाईंनी वाटी पुढे केली. गीताबाई न थांबता पुढच्या पानाकडे गेल्या.