पान एकशे बारा आणि देवरीचं मोहाचं झाड

माझं सगळं बदललं तो क्षण अगदी नेमका सांगता येतो. मार्चअखेरचा बुधवार, दुपार, गोंदियाजवळच्या कुडव्यातली माझी खोली. तिरोड्याच्या एका बाईंच्या पहिल्या कादंबरीची मी साल काढत बसलो होतो. म्हणजे परीक्षण लिहीत होतो. ब्लॉगचे जुने वाचक जाणतात, माझ्याकडे पुस्तक पाठवणं म्हणजे बकरीनं स्वतःहून खाटकाचं दार वाजवणं. बाईंचा शेतकरी अंधार पडल्यावर वीज केंद्राच्या चिमणीचा लाल दिवा बघून घरची वाट धरतो. मी लिहिलं, "अशी वाट कुणी शोधतं का? लेखिकेनं जरा घराबाहेर पडावं." वाक्य मला फार आवडलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. माझ्या स्वतःच्या कादंबरीला पहिला अभिप्राय आला होता. पाचपैकी दोन तारे, आणि खाली एवढंच: "पान ११२. मोहफुलं झाडावर चढून कोणी तोडत नाही. लेखकाने एकदा पहाटे येऊन पाहावे." खाली नाव होतं, शालिनी.

शालिनी, म्हणजे शालू, कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोंदियात कॉलेजला दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती. देवरीपलीकडच्या एका गावची. दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून मी वह्या त्यांच्याच टेबलावर टाकल्या आणि कॉलेज सोडलं. शालूशी बोलणं राहिलं ते राहिलंच. मग मी तिच्यावर दोनशे पानांची कादंबरी लिहिली, स्वतःच छापली. (नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल.) शेवटच्या पानावर नायकाचं पत्र आहे, ते खरं म्हणजे तिला आहे. "तुझ्यासाठी दार उघडं ठेवून चाललोय. आलीस की आत ये." पहिली प्रत तिलाच पाठवली होती. चार महिने उत्तर नाही.

आणि आता हे. "येऊन पाहावे." कुणी म्हणेल हा टोमणा आहे. मी त्याला आमंत्रण म्हटलं आणि गाडीत पेट्रोल भरलं.

दिवस पहिला: कुडवा ते देवरी

आमगावमार्गे साठ-सत्तर किलोमीटर पडतं, तीनशेच्या पेट्रोलमध्ये जाणं-येणं होतं. आमगावपर्यंत उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे दिसतात, मग जंगल सुरू होतं आणि झाडांखाली ठिकठिकाणी जळालेल्या पाचोळ्याची काळी वर्तुळं दिसायला लागतात. मला वाटलं वणवा असेल. आमगावच्या चहावाल्याला विचारलं होतं, "रस्ता कसा आहे?" तो म्हणाला, "रोड एकदम मस्त है भैया, बस जानवर देख के चलाना." जनावरं दिसली नाहीत. मी वाटेत फक्त उत्तराची वाक्यं जुळवत होतो.

देवरीत हायवेला लॉज मिळतो, सहाशे रुपये. मालकानं आधीच सांगितलं, "कूलर है, पर आवाज करता है." आवाज ट्रकांचा जास्त होता. जेवायला ढाब्यावर भात, वरण आणि वांग्याची भाजी. तिखट सांभाळून घ्या. कादंबरीचं एकशे बारावं पान मी जेवताना पुन्हा वाचलं. नायिका झाडावर चढते, फांदी वाकवते, ओंजळभर मोहफुलं तोडते आणि खाली उभ्या नायकाच्या अंगावर उधळते. मला ते तेव्हाही छान वाटलं.

दिवस दुसरा: झाड

पहाटे साडेचारला निघालो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही जाणार असाल तर गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, अस्वलालाही मोहफुलं आवडतात आणि त्याची वेळ तीच असते. मला हे गावाच्या तोंडाशी भेटलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. "एकटाच कायले फिरून राहिला बे?" म्हणाला, आणि शालूच्या घरच्या झाडापर्यंत सोडायला आला.

झाडाखाली तसंच काळं, झाडून स्वच्छ केलेलं वर्तुळ होतं. वणवा नव्हता तो. फुलं दिसावीत म्हणून आधी पाचोळा जाळून जमीन साफ करतात. उजाडत होतं आणि वरून फुलं पडत होती. टप. जरा थांबून टप, टप. फिकट पिवळी, रसानं फुगलेली, गोडसर वास. दोन बाया उकिडव्या बसून वेचत होत्या. एक शालू. दुसरी तिची आई.

"आला का?" शालू म्हणाली, जणू मी कोपऱ्यावरून दूध घेऊन आलोय. "बूट तिकडं काढ. फुलं चेंदून राहिला."

मी बूट काढून पलीकडच्या झाडाखाली ठेवले.

"हाच का तो? झाडावर चढवणारा?" आईनं विचारलं.

"हाच."

"बाबू, माझी पोट्टी फांदी वाकवते म्हणून लिवलं तुनं. फांदी मोडली त मंग टोरी कुठून येईन?" टोरी म्हणजे मोहाची बी, तिचं तेल निघतं, आणि ती त्याच गुच्छांना मागाहून लागते. हे मला तिथं कळलं.

"मावशी, कादंबरी आहे ती. त्यात कल्पना असते," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"हाव, पण झाड त आमचं आहे ना," ती म्हणाली आणि माझ्या हातात टोपली दिली.

दोनेक तास वेचलं. कंबर मोडते. फूल चिमटीत जोरात धरलं की फुटतं, हलकं धरलं की निसटतं. ऊन चढलं तसं पडणं कमी झालं. आई भरलेली टोपली डोक्यावर घेऊन घराकडे गेली आणि मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं.

"शेवटचं पान वाचलंस?"

"वाचलं. मोठ्यानं वाचलं. ऐकायला माय, काकी अन् शेजारच्या दोघी. पाच सांजा लागल्या."

"ते पत्र तुला होतं शालू."

"माहीत आहे. शेजारच्या दोघींनाबी कळलं."

"मग?"

"मग नाही." ती वेचतच होती.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. तू माझ्यावर दोनशे पानं लिहिली, अन् दोन वर्षांत मला एक गोष्ट विचारली नाही. माझ्या मायचं नाव नाही विचारलं. मी कॉलेजनंतर काय करून राहिली, तेबी तुला माहीत नाही."

"काय करून राहिलीस?"

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आता विचारतो! नर्सिंग. दुसरं वर्ष. सुट्टीत आली." मग म्हणाली, "रागावला?"

"नाही."

"कान लाल झाले."

मी उठलो. टोपली खाली ठेवली, आपटली असंही म्हणता येईल, आणि तरातरा गाडीकडे निघालो. गाडीला किक मारताना तळव्याला खडा टोचला, तेव्हा कळलं की बूट पलीकडच्या झाडाखालीच आहेत. परत जावं लागलं. शालू ओठ घट्ट मिटून बसली होती, खांदे मात्र हलत होते. तेवढ्यात आईनं घराच्या वाटेवरून हाक मारली, "बाबू, चाय पिऊन जाय!"

कोरा चहा आणि तव्यावर भाजलेली मोहफुलं. मनुकांसारखी लागतात, जरा धुरकट. अंगणात कालची फुलं पसरली होती, वाळून तांबडी झालेली. आईनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"बाकी बुक बरं आहे," ती म्हणाली. "रातच्या भांडणाचं पान तर मी दोनदा वाचाले लावलं. पण शेवटी तो दार उघडं टाकून गेला ते काऊन?"

"तिच्यासाठी, मावशी. ती येईल म्हणून."

"अन् कुत्रं शिरलं मंग?"

शालू पदराआड नाही, सरळ तोंडावर हसली. निघताना मी आईचं नाव विचारलं. जानकाबाई. त्यांनी वाळलेली मूठभर मोहफुलं कागदात बांधून दिली आणि म्हणाल्या, "आमच्या झाडावर पुन्हा कोणाले चढवू नको."

परत

देवरीत आलूबोंडा-रस्सा खाल्ला, पंधरा रुपये, उत्तम. परतीच्या वाटेवर काळी वर्तुळं मोजायला लागलो, आमगावच्या अलीकडे सोडून दिलं. प्रत्येक वर्तुळ कुणाचं तरी होतं.

दुपारी एक वाजता खोलीवर पोचलो. दार उघडंच होतं. गेले चार महिने मी ते असंच ठेवून बाहेर पडायचो. चोरण्यासारखं आत काही नाही, असं मित्रांना सांगायचो. न खपलेल्या प्रतींच्या चळतीवर कूलर उभा आहे. कुत्रं आलं नव्हतं. कुणीच आलं नव्हतं.

शालूचा अभिप्राय आहे तसाच आहे, दोन ताऱ्यांसकट. तुम्हाला वाचता येईल. पुढची आवृत्ती निघालीच तर पान एकशे बारावर फुलं खाली पडतील. शेवटच्या पानाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. देवरीला जावं का, असं विचाराल तर जावं, एप्रिलच्या मध्याआधी, आणि बूट कुठे काढले ते लक्षात ठेवावं.

चारच्या सुमारास तिरोड्याच्या बाईंचं परीक्षण उघडलं. "लेखिकेनं जरा घराबाहेर पडावं." वाक्य अजूनही चांगलं होतं. पण ती चिमणी मी अंधार पडताना कधी पाहिलेली नाही. किंबहुना तिरोड्याला मी एकदाही उतरलेलो नाही, रेल्वेतून फक्त पुढे गेलोय. इथून तीसेक किलोमीटर. आत्ता निघालो तर दिवा लागायच्या वेळेला शेतात उभं राहता येईल.

वाक्य खोडलं. बाईंचं पुस्तक पिशवीत टाकलं, वर मोहफुलांची पुडी. गाडीची किल्ली घेतली, बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि कडी घातली.