पदरातले हात

नातीला आणायला मी रोज दुपारी अंगणवाडीत जाते. तिथल्या ताई मुलांमध्ये जमिनीवर बसलेल्या असतात, पण हात पदरात गुंडाळून. समोर होड्या बांधणाऱ्यांकडून आणलेले लाकडाचे तुकडे असतात. एकही धड चौकोनी नाही, त्यामुळे पोरांचे मनोरे सारखे कोसळतात. पोर रडकुंडीला आलं तरी ताईंचे हात बाहेर येत नाहीत. "का पडलं?" एवढंच विचारतात. मला ते जरा निर्दयच वाटायचं. सांगून टाकावं की रुंद तुकडा खाली ठेव, विषय संपला.

मध्यंतरी मी पडवीच्या पायरीवरून पडले. बोर्लीच्या दवाखान्यात जाऊन पायाला प्लास्टर घालून आले. बघायला येणारी प्रत्येक बाई माझ्या वयाला दोष देऊन गेली. ताई आल्या त्या पायरीखालीच थांबल्या.

"का पडलात?"

"नशीब माझं," मी वैतागून म्हटलं.

"नशीब न्हाय आजी, चिरा हलतोय," म्हणत नात पायरीवर चढली आणि तिने चिरा डुगडुगवून दाखवला. मग चुलीजवळच्या लाकडाच्या ढलप्या आणून ती एकेक चिऱ्याखाली सरकवू लागली. एक जाड निघाली, दुसरी पातळ.

"अहो ताई, तुम्हीच लावा की."

ताईंनी नुसती मान हलवली. हात पदरातच.

अखेर एक ढलपी घट्ट बसली. नातीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी काही न विचारता पायरीवर सगळा भार टाकला आणि वर आल्या.