आधी आपण रांगायचं

रफिकभाई गेल्याचा फोन नामदेवभाऊंनी केला. मी अकोल्याच्या बसस्टँडवर होतो. "सर, आपले रफिकभाई गेले... पहाटे छातीत दुखलं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. याच दोघांना मी एकदा एका तारेवरून समोरासमोर उभं राहिलेलं पाहिलं होतं.

हिवरखेडला रफिकभाईचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. सीझन संपला की हा गडी गावाबाहेरच्या नाल्यात झाडांना ट्रॅप कॅमेरे बांधायचा. समोरून जनावर गेलं की कॅमेरा आपोआप चालू. मी रिकामटेकडा मास्तर, पिशवी धरायला सोबत. कॅमेरा बांधून झाला की तो अगडबंब माणूस त्याच्यासमोरून चक्क रांगत जायचा. "बिबट्या काय उभा चालते का, सर? त्याच्याच उंचीनं जाऊन पाहा लागते." त्यामुळे कॅमेऱ्याच्या प्रत्येक मेमरी कार्डात पहिलं जनावर हाच! मी पोट धरून हसायचो.

त्या हिवाळ्यात मात्र हसू पळालं. कार्डात बिबट्याची मादी आली, मागे दोन पिल्लं. नाल्यालगतच्या नामदेवभाऊंच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ती थबकली. समोर गवतात नवी कोरी तार चमकत होती. एक पिल्लू आईला ओलांडून पुढे निघालं... आणि क्लिप संपली.

आम्ही स्कूटरवर सुटलो. तारेपाशी काही मरून पडलेलं नव्हतं, तारेत अजून करंट सोडलेलाच नव्हता. पण दिवस मावळत होता आणि नामदेवभाऊ करंट सोडायला विहिरीवरच्या पेटीपाशी पोचलेच होते. रफिकभाईने त्यांना हाक मारून थांबवलं.

"काहून आडवे येता? कापसात काई उरलं नाई, आता हरभराबी डुकरायले देऊ?"

रफिकभाईने तार मुठीत धरली. "सोडा करंट, भाऊ. मी इथंच हाओ."

नामदेवभाऊंचा हात बटणावर. कोणीच हलेना. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही... शेवटी नामदेवभाऊंनी पेटी बंद केली आणि मटकन खाली बसले. तेव्हा कुठे रफिकभाईने मूठ सोडली. "डुकरं मी हाकलतो," तो म्हणाला. हंगामभर मचाणावर बसून तो डबा बडवत राहिला. थोडा हरभरा गेला, बराचसा वाचला. पुढच्या कार्डात दोन्ही पिल्लं दिसली, तेव्हा हा भला दांडगा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

परवा मी नाल्यातला शेवटचा कॅमेरा सोडवायला गेलो. कोणीतरी सेल बदललेले होते. कार्ड फोनला लावलं. धोतर खोचून, दोन्ही हात मातीत टेकवत नामदेवभाऊ रांगत चालले होते. मध्येच थांबून त्यांनी कॅमेऱ्याकडे मान वर केली.

"रफिकभाई... उंची बराबर हाय ना?"

मी कार्ड परत बसवलं आणि कॅमेरा होता तिथेच राहू दिला.