पिसाची माशी

पलूसला सासरी अंगण झाडताना शेजारच्या कोंबड्याचं तांबडं पीस केरात आलं आणि मी केरसुणी धरून तशीच उभी राहिले. अशाच पिसाला दोरा गुंडाळून आबा, म्हणजे माझे वडील, माशांना भुलवायला गळावर खोटी माशी बांधायचे. फौजेत असताना हिमाचलातल्या नदीवर एका साहेबांनी त्यांना ही मासेमारी शिकवली होती.

माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते मला मेढ्याजवळच्या धरणावर घेऊन गेले. पर्यटकांसाठी आणलेली दोघांची कयाक, म्हणजे अरुंद हलकी होडी, त्यांनी मागून घेतली. मी पुढं बसले, ते मागं. सकाळचं पाणी गार होतं, त्याला शेवाळाचा वास येत होता. आबा काठीनं गळाची दोरी डोक्यावरून मागंपुढं झुलवायचे आणि माशी अलगद पाण्यावर उतरायची. घरी कमी बोलणारा हा माणूस तिथं नुसता माशीकडं बघत होता.

एकदम मासा लागून काठी वाकली. "धर, तूच काढ!" म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी घाबरून हिसका दिला. दोरी तुटली आणि माशीसकट मासा गेला.

आबा कयाक डुलेपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"माझी चेष्टा करताय व्हय, आबा?"

"न्हाई गं पोरी," ते डोळे पुसत म्हणाले.

मी रुसले आणि तोंड फिरवून बसले. मागं वल्ह्याचा आवाज मधेमधे थांबत होता.

आबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ते डोळे नुसत्या हसण्यानं भरले नव्हते, हे आता कळतं. काठ येण्याआधी मी एकदा तरी मागं वळून बघायला हवं होतं.