धुजणाऱ्या गाडीचे बापू

बापूंच्या गाडीत बसणं म्हणजे परीक्षेला बसणं होतं. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत ते इकडचं तिकडचं बोलायचे. कडोदऱ्याला हायवे लागला की गप्प व्हायचे. काटा पंच्याहत्तरवर आला की पाय तिथेच रोवायचे आणि रस्त्यावरची नजर न काढता विचारायचे, "काही समजस का?"

समजायला हवं होतं ते एवढंच, की गाडी धुजते आहे. सत्तरला ती धुजत नसे. बापूंच्या सांगण्यानुसार नव्वदलाही धुजत नसे, पण तिथवर त्यांच्याबरोबर जाऊन खात्री करून घेणारा आमच्या नात्यात कोणी निघाला नाही. मधल्या पट्ट्यात मात्र सीटखालून, पायाखालून, दाराच्या कडीतून एक बारीक कंप यायचा म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मला तो कधी जाणवला नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी प्रामाणिकपणे "नाही" म्हणालो. बापूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू पोतं शेस रे." पुढच्या वेळी मी शहाणपणा करून "हो" म्हणालो, तर म्हणाले, "आता खोटं बोलणारं पोतं."

बापू म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पारोळ्याकडून सुरतेत आले आणि अर्धं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काढलं. त्या खडखडाटात कान कधीच अर्धे कामातून गेले होते. लूमवरचा माणूस कानाने ऐकत नाही, तळपायाने ऐकतो. कोणत्या मशीनचा सूर बिघडला हे बापूंना फरशीतून कळायचं, चहा पिता पिता. पुढे लूम सोडून त्यांनी मोठी पिकअप घेतली. गोडादऱ्याच्या कारखान्यांतला कोरा कपडा पलसाण्याच्या डाइंग मिलला न्यायचा, रंगवलेला परत आणायचा. गाडी मुद्दाम डबल केबिनची घेतली. मागे कापडाचे ताके आणि आत घरची माणसं, असा हिशोब. गाडी दणकट होती, डोंगर चढेल अशी होती. दोष एकच, आणि तो नेमका बापूंच्या तळपायाखाली आला. दुसऱ्या कुणी घेतली असती तर त्याला जन्मभर पत्ता लागला नसता.

मराठीत थरथर आहे, कंप आहे, हादरे आहेत. बापूंना यातलं काही पुरत नसे. आमच्या अहिराणीत थंडीने धुजतात, भीतीने धुजतात, देवीचं वारं आलं तरी धुजतात, आणि गाडीही धुजते. गुजरात्यांचं 'ध्रूजे' याच घरातलं, त्यामुळे सुरतेतल्या कोणत्याही गॅरेजात बापूंना दुभाषा लागला नाही. "भाई, गाडी धुजस," एवढं ते म्हणायचे आणि मिस्त्री पान्हा घेऊन खाली शिरायचा.

किती मिस्त्री शिरले असतील. टायरांचं बॅलन्सिंग झालं. अलाइनमेंट झालं. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे झाली. इंजिनाखालचे रबर बदलले. एका महाशयांनी लिंबू-मिरची बदलायला सांगितली, तीही बदलली. कंपनीच्या वर्कशॉपवाल्याने गाडी बाजारातून गोगलगायीसारखी फिरवून आणली आणि सांगितलं, "सर, ये तो नॉर्मल है." बापू म्हणाले, "नॉर्मल आहे ना? मग तुमच्या घरी ठेवा, मला नॉर्मल नसलेली द्या." प्रत्येक दुरुस्तीनंतर बापू माझ्या स्टेशनरीच्या दुकानासमोर गाडी लावायचे आणि "चल, समजी जाई आते" म्हणून मला घेऊन जायचे. मी शटर अर्धं ओढून निघायचो. मला काही समजणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण माणूस डॉक्टरकडे जाताना कुणालातरी बरोबर नेतोच.

इथवर हे सगळं गमतीचं होतं. पण बापूंना एकच मुलगी, सविता, आणि तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा त्या गाडीने आमच्या तोंडचं पाणी पळवलं. कारण बापू प्रत्येक मुलाला "चला, चहा पिऊन येऊ" म्हणून हायवेला न्यायचे. पहिला मुलगा बँकेत होता. "काही समजस का?" विचारल्यावर तो म्हणाला, "ॲव्हरेज किती देते?" बापूंनी तिथूनच गाडी वळवली. दुसरा म्हणाला, "धुजतेय तर. विकून टाका." घरी आल्यावर बापूंनी काकूंना सांगितलं, "उद्या पोरगी आजारी पडली तर हा तिलाही विकी टाकी."

काकू कपाळाला हात लावायच्या. "गाडीचं नुसतं निमित्त आहे," त्या मला म्हणाल्या. "या माणसाला पोरगी पाठवायचीच नाही. तू काहीतरी कर." मी काय करणार, पोतं.

तिसरा नितीन. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये शेड मॅचिंगला होता, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नमुन्याचा रंग आणि कढईतून निघालेला रंग एकच आहे की नाही हे सांगणारा. सविता त्याच मिलच्या ऑफिसात बसायची. तेव्हा बघण्याचा कार्यक्रम आम्हा बाकीच्यांसाठी होता, त्या दोघांचं बघून झालं होतं. सविता आदल्या दिवशी दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, हा नापास झाला तर मी दुसऱ्या कुणाला बघणार नाही. आणि बापूंच्या मनाविरुद्धही करणार नाही. मग बसा दोघं-तिघं आयुष्यभर गाडी तपासत." ती हसत बोलत होती, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून बोट पांढरं झालं होतं.

त्या रविवारी पोहे झाले, नितीनचे आईवडील काकूंशी बोलत बसले, आणि बापू उठले. "चहा पिऊन येऊ." काकूंना बापूंच्या तोंडाचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी मला आणि सविताला मागच्या सीटवर घुसवलं. शिवाय "जातच आहात तर" म्हणून आपल्या पलसाण्याच्या बहिणीसाठी गावाहून आलेली गव्हाची पोती गाडीत टाकली.

हायवे रिकामा होता. एरवी माल भरला असला की बापू साठच्या वर जात नसत, पण त्या दिवशी परीक्षा होती. काटा चढत चढत पंच्याहत्तरला आला. मी मागून बापूंची मान बघत होतो. ती मान मला चांगली ओळखीची. ती जराशी वाकडी झाली. त्यांनी स्टिअरिंगवरची पकड सैल केली, परत घट्ट केली. सविताने माझा दंड असा चिमटला की मलाही समजलं. गाडी धुजत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नेमकी आज, गाडी देवळात बसल्यासारखी गप्प होती.

"काही समजस का?" बापूंनी विचारलं.

"हो बापू," नितीन म्हणाला. "चांगलीच धुजतेय."

बापू पुढे एक शब्द बोलले नाहीत. साखर कारखान्याचा मळीचा वास आला आणि गेला. पलसाण्याला नितीनने नव्या पांढऱ्या शर्टानिशी सगळी पोती पाठीवर घेऊन आत नेली, तरी बापू गाडीच्या मागच्या टायरांकडेच बघत होते. सविताच्या मावशींनी चहा दिला. तो बापूंनी बशीत न ओतता प्यायला, हे लक्षण फार वाईट होतं. सविता भिंतीला टेकून कॅलेंडर वाचत होती. मी मनातल्या मनात नितीनच्या वडिलांना कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. 'आमच्याकडून नकार आहे, कारण आमची गाडी चांगली चालली,' यापेक्षा बरं वाक्य काही जुळेना.

परत निघालो. चलथाणजवळ काटा पुन्हा पंच्याहत्तरला आला. बापूंनी काही विचारलं नाही. नितीनच म्हणाला, "बापू."

"हं."

"आते धुजी राहिनी ती गाडी शे. मघाशी मी धुजी राहिंतू."

बापूंनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"मंग मघाशी हो काब्र म्हणना?"

"सवितानं सांगितलं होतं, हो म्हण म्हणून."

"आणि आता?"

"आता तिनं काही सांगितलं नाही."

बापू हसायला लागले. आधी खांदे हलले, मग मान, मग ठसका लागला. सविताने मागून पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन, मिशा पुसून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "शेड ओळखतो पोरगा." घरी आल्यावर त्यांनी हेच वाक्य नितीनच्या वडिलांना सांगितलं. त्यांना काहीच कळलं नाही, पण काकूंनी साखर वाटायला घेतली तेव्हा निकाल कळला.

लग्न झालं. सविताला निरोप देताना बापू रडले नाहीत, गाडीची काच पुसत राहिले. दोन्ही बाजूंनी पुसली. पुढे नितीनला वापीला चांगली नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली.

आमच्या खान्देशात लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी येते, दिवाळीला येते. मधेच विनाकारण बोलावलं तर सासरचे विचारतात, काय काम काढलं? वापीची माणसं साधी होती, त्यांनी विचारलंही नसतं. पण बापू रीत सोडणारे नव्हते. लग्नानंतरचा पहिला महिना ते दुकानात येऊन नुसते बसायचे. नव्या पेनांची टोपणं उघडायचे, लावायचे. गाडीचं नावही काढायचे नाहीत. मला काळजीच वाटायला लागली.

मग एके दिवशी ताडताड आले. "त्या दिवशी जाताना गाडी का नाही धुजली, याचा तपास लागला पाहिजे."

मी म्हटलं, "बापू, मागे वजन होतं. पोती होती गव्हाची."

"पोत्यानं पोत्याचं बोलू नये," बापू म्हणाले. "आपण कसे बसलो होतो त्यावर आहे सगळं. मी इथं, नितीन इथं, मागे तू नि सविता. तसेच चौघं बसलो तरच समजेल." आणि माझ्याच फोनवरून त्यांनी वापीला फोन लावला. जावयाशी बोलले, मुलीशी नाही. "रविवारी दोघं या. गाडीचं काम आहे. तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

तेव्हापासून हे सुरू झालं. दर महिन्याला एक रविवार गाडीच्या कामाचा. सकाळच्या रेल्वेने दोघं यायची. काकूंनी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केलेल्या असायच्या. जेवून आम्ही चौघं ठरल्या जागी बसायचो आणि पलसाण्यापर्यंत जाऊन यायचो. गाडी जाता-येता इमानाने धुजायची. बापू मान हलवून "छे, नाही जमलं" म्हणायचे, आणि इतक्या आनंदाने म्हणायचे की मला वाटायचं, म्हातारपणी माणूस चिवट होतो. एकदा मी ताप आहे म्हणून येत नाही म्हटलं, तर घोंगडीसकट उचलून नेलं. माझ्या जागी माझ्याइतकं जड दुसरं कोणी नव्हतं.

अशाच एका रविवारी कडोदऱ्याच्या इस्माईलभाईंच्या गॅरेजला थांबलो. सविता आणि नितीन समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायला गेली. इस्माईलभाई गाडीखालून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "चाचा, खाली में हिलती है, माल में नहीं हिलती. शाफ्ट का एंगल है. दो दिन छोड़ के जाओ, हो जाएगा."

मी आनंदाने "बापू" म्हणून ओरडणार होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माले माहित शे," ते हळूच म्हणाले. "पलसाण्याला पोती उतरली त्याच दिवशी समजलं. तू बोंबलू नको." मग रसाच्या गाड्याकडे बघत इस्माईलभाईंना म्हणाले, "गाडी बरी झाली तर पोरीला कोणत्या कामासाठी बोलवू?"

इस्माईलभाईंना तीन मुली. सविता ग्लास घेऊन परत आली आणि म्हणाली, "काय, सापडलं का?" तेव्हा तेच गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नहीं बहन. बहुत टेढ़ा केस है. अगले महीने फिर देखेंगे."

गेल्या वर्षी बापू गेले. फार दिवस अंथरुणाला खिळले नाहीत. दवाखान्यातही नर्सला सांगत होते, तुमचा पंखा धुजतो. दहाव्याचं सगळं आटोपलं, पाहुणे पांगले, तेव्हा सविता आणि मी गाडीच्या मागच्या फळीवर बसलो होतो. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. इस्माईलभाईंच्या गॅरेजातलं सगळं मी तिला सांगितलं, शब्द न शब्द. ती रडेल म्हणून रुमालही काढून ठेवला होता.

तिने रुमालाची घडी करून तो माझ्या खिशात परत घातला. मग म्हणाली, "दादा, नितीननं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. जाताना पोती होती, येताना नव्हती. त्यात काय न समजण्यासारखं आहे?"

"मग इतकी वर्षं बापूंना बोलली का नाहीस?"

"बोलले असते," सविता म्हणाली, "तर आखाजीपर्यंत थांबावं लागलं असतं."