समोरासमोरची गिनती

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या कारागृहात मी तुरुंगाधिकारी होतो, तेव्हाची ही गोष्ट. पाळी संपवणारा पहारेकरी कैद्यांचा आकडा तोंडी सांगे. येणारा तो वहीत लिहून सही करी. त्याखाली, कार्यालयात बसूनच, माझी सही होई. पुन्हा मोजणं म्हणजे सहकाऱ्याला खोटं ठरवणं, असा समज होता. नव्या आदेशाने तो मोडला: दोघांनी मिळून प्रत्येक कैदी डोळ्यांनी पाहायचा.

पहिल्या संध्याकाळी पाळी संपवणाऱ्या हवालदाराच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्याच्या दारव्ह्याच्या एसटीची वेळ झाली होती.

"एकशे बारा," तो म्हणाला.

पाळीवर येणारा उमरखेडकडचा शिपाई मोजू लागला.

"मोज बापा, मोज. माह्या पोरीच्या लग्नात वऱ्हाडही तूच मोजजो."

"राग नका धरू काका. हुकूमच तसा हाये."

एकशे अकरा भरले. दुसऱ्यांदाही तेवढेच.

हवालदाराचं हसू गेलं. कैदी पळाला असेल तर त्याचं निलंबन नक्की होतं. मी फाटक बंद करवलं, नावं पुकारली. स्वयंपाकघरात काम करणारा एकजण नव्हता.

"तो भट्टीपाशीच राह्यते, साहेब. रोजच."

"आज पाहिला का?"

हवालदार भट्टीकडे धावला.

भट्टीपाशी कोणी नव्हतं. शौचालयं, बाग, भिंतीकडेची गल्ली, सगळं पाहून झालं. वीस मिनिटांनी तो कैदी मागच्या मोरीत, मोठ्या पातेल्यांच्या आड सापडला. पाय घसरून पडला होता. डोक्यातून रक्त येत होतं, शुद्ध नव्हती, श्वास चालू होता. रुग्णालयात तो वाचला.

मी अहवाल लिहायला बसलो. शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, माणूस तर आतच होता न. एकशे बारा बरोबरच होते. तसंच लिहा."

खोटं त्यात काहीच नव्हतं. माझा पेन थांबला.

"नाही," हवालदार म्हणाला. "म्या पाह्यलं नव्हतं. हे लिहा." मग वहीकडे बोट दाखवलं. "अन् दुपारच्या आकड्याखाली तुमची सही हाये. तुम्ही तरी कुठं पाह्यलं होतं?"

मी दोन्ही लिहिलं. तोवर तो टेबलासमोरून हलला नाही. एसटी केव्हाच गेली होती.

निलंबन टळलं. हवालदाराला आणि मला, दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. त्याच्या सेवापुस्तकातली ती पहिलीच.